खाचरातल्या बेडकाची जात

आमचा व्यवसाय बेडकांचा नव्हे. गेली तीस वर्षे आम्ही कामगार संघटनेचे काम करीत आलो आहोत. शाळा नववीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते रात्रीच्या वाचनालयांत, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि कारखान्यांच्या फाटकांवर उभे राहून शिकलो. तेव्हा ह्या व्याख्यानमालेत आम्ही बेडकावर बोलणार हे ऐकून श्रोत्यांना जे नवल वाटले असेल, ते आम्हांलाही वाटले. संयोजकांनी सुचविलेला विषय कंत्राटी कामगारांचा होता. तो आम्ही टाळलेला नाही. वाचकांना तो पुढे भेटेल. पण गेल्या पावसाळ्यात एका बेडकाने आमच्या डोक्यात घर केले आहे, आणि डोक्यात एक असताना तोंडाने दुसरे बोलण्याची विद्या आम्हांला इतक्या वर्षांत साधलेली नाही. शिवाय ही व्याख्याने वैशाखात होतात. आमचा नायक त्या दिवसांत ढेकळांच्या भेगांत निजलेला असतो, त्यामुळे त्याच्या माघारी मोकळेपणाने बोलता येते.

मुळशी तालुक्यात पौडच्या पुढे, धरणाच्या अलीकडे, एका गावच्या शाळेत आम्ही दोन दिवसांचे शिबिर घेतले होते. पिरंगुटच्या बाजूच्या कारखान्यांत कंत्राटावर जाणारी पंचवीसतीस तरुण मंडळी जमली होती. जूनचा शेवटचा आठवडा. आदल्या रात्री पहिला मोठा पाऊस झाला होता. आमचा कापडी फलक शाळेच्या ओट्यावर गुंडाळून ठेवलेला होता. सकाळी तो दोघांनी उलगडला, आणि 'समान काम, समान वेतन' ह्या अक्षरांवरून एक बेडूक टुणकन उडी मारून आमच्या वहीवर येऊन बसला.

अंगठ्याच्या पेराएवढा जीव. रंग मातकट, अंगावर बारीक वळकट्या, तोंड पुढे निमुळते, आणि पाठीवर मधोमध डोक्यापासून शेवटापर्यंत एक फिकट रेघ. मंडळींत लगेच चर्चा सुरू झाली. एकाने सांगितले की हे पिल्लू आहे, चार महिन्यांत ओंजळीएवढे होईल. दुसऱ्याने सांगितले की हा विषारी आहे, हात लावू नका. तिसरा मोबाइलवर शोधू लागला आणि ब्राझीलमधल्या एका निळ्या बेडकाचे चित्र त्याने आमच्यापुढे धरले. तेवढ्यात शिबिराचा स्वयंपाक करायला आलेल्या आजी पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी बेडकाकडे एकदा पाहिले आणि म्हणाल्या, "ह्ये पिल्लू न्हाई, दादा. ह्यो येवढाच ऱ्हातो. खाचरातला हाय. लावनीच्या टायमाला रातभर वरडतो, झोपू देत न्हाई."

आम्ही विचारले, "आजी, ह्याला नाव काय म्हणता?"

"नाव कशाला? बेडूकच म्हनत्यात."

एक पोरगा हसून म्हणाला, "तात्या, तुम्ही आम्हांला सांगता कोणाची जात विचारू नका, आणि आता बेडकाची विचारताय!"

पोरगा चुकला नव्हता. मराठीत प्राणिशास्त्राने 'जात' हाच शब्द घेतला आहे, आणि तो आपल्या नेहमीच्या अर्थापेक्षा फार वेगळा आहे. ज्या प्राण्यांचा आपसांत संबंध होऊन वंश चालतो आणि जे इतरांपासून त्या बाबतीत अलग राहतात, त्या समूहाला प्राणिशास्त्रात एक जात म्हणतात. ह्या व्याख्येने पाहिले तर पृथ्वीवरची सारी माणसे एकाच जातीची आहेत. हे आम्ही त्या पोराला तिथेच सांगितले आणि शिबिराचा पहिला तास बेडकाच्या खर्चाने पार पडला. जवळजवळच्या अनेक जाती मिळून एक वंश होतो. स्वीडनच्या लिनिअसने १७५८ साली प्राण्यांना दोन शब्दांची नावे देण्याची जी पद्धत रूढ केली, तीत पहिला शब्द वंशाचा आणि दुसरा जातीचा. आडनाव आधी आणि नाव मागून, आपल्या हजेरीपटावर लिहितात तसे.

आता प्रश्न एवढाच होता की ह्या पाहुण्याचे आडनाव काय आणि नाव काय. आम्हांला वाटले, दुपारच्या जेवणापर्यंत उत्तर मिळेल.

पहिली चाळणी सोपी असते, आणि ती ज्याला डोळे आहेत त्या कोणालाही करता येते. मुळशीच्या बाजूला पावसात लहान दिसणारे बेडूक अनेक. काही खरोखरच मोठ्यांची पिल्ले असतात. भेकाचे, म्हणजे अंगणात दिव्याखाली किडे खायला येणाऱ्या खरखरीत प्राण्याचे पिल्लू असेल, तर कातडी कोरडी व पुटकुळ्यांची असते. झुडपांवर राहणाऱ्या बेडकांच्या बोटांच्या टोकांना गोल चकत्या असतात, त्यांनी ते पानाला चिकटून बसतात. ह्या झुडपी बेडकांतला एक वंश, राओर्केस्टिस, मोठा गमतीचा आहे. त्यांच्या अंड्यांतून शेपटीचे बेंडके पाण्यात येतच नाही. अंड्यातल्या अंड्यात सगळे उरकून थेट इवलासा बेडूकच बाहेर पडतो. बंगलोरचे प्राणिशास्त्रज्ञ सी. आर. नारायण राव ह्यांच्या नावावरून २०१० साली हे वंशनाम दिले गेले. महाराष्ट्रातल्या सह्याद्रीतल्या अशाच एका झुडपी बेडकाला २०१३ साली पुण्याचे प्राध्यापक हेमंत घाटे ह्यांच्या नावावरून 'घाटेई' हे नाव मिळाले. मग ओल्या खडकांवर लांब उड्या मारणारे इंडिराना आहेत, ज्यांची बेंडके पाण्यात न पोहता भिजलेल्या कातळावर चिकटून वाढतात. आणि मायक्रोहायला म्हणून एक अगदी चिमुकला, त्रिकोणी अंगाचा, टाचणीच्या डोक्यासारख्या डोळ्यांचा बेडूक आहे.

आमच्या पाहुण्याच्या बोटांना चकत्या नव्हत्या. अंग त्रिकोणी नव्हते. कातडी कोरडी नव्हती. आम्ही काचेची बरणी नळाखाली नुसत्या पाण्याने धुतली, हात ओले केले आणि त्याला अलगद बरणीत घेतले. बेडूक कातडीनेही श्वास घेतो, म्हणून हाताला साबण, तंबाखू किंवा डास पळविण्याचे मलम असेल तर त्याला धरू नये. एका तरुणाने पाठ, पोट, गळा, बोटे, मागच्या पायांचा पडदा अशी सर्व बाजूंनी चित्रे काढली. बरणीला पट्टी लावून लांबी पाहिली ती अदमासे पंचवीस मिलिमीटर भरली. नंतर आजींनी दाखविलेल्या खाचराच्या बांधावर त्याला सोडून दिले. हे सोडून देणे पुढे आम्हांला नडले, पण त्या वेळी ते योग्यच वाटले, आणि आजही तसेच वाटते. वन्य प्राणी उचलून शहरात नेण्याचा कोणाला अधिकार नाही. संशोधकालाही त्यासाठी वनखात्याची परवानगी काढावी लागते.

चित्रे आम्ही पुण्यातल्या एका महाविद्यालयातील प्राध्यापकांना पाठविली. त्यांची आमची ओळख जुनी, एका संपातली. त्यांनी रात्री फोन केला.

"पाठीवरची मधली रेघ पाहून तुम्ही खूश झालेले दिसता," ते म्हणाले. "ती विसरा. एकाच जातीत काहींना असते, काहींना नसते. बरणीचा काचेतून काढलेला फोटो पाहा. काखेपासून जांघेपर्यंत पोटाच्या कडेने एक फिकट रेघ गेलेली दिसते का?"

दिसत होती. इतकी बारीक की सांगितल्याशिवाय दिसली नसती. तिला फेजर्वार्या रेघ म्हणतात. फेजर्वार्या हे एका बेडूकवंशाचे नाव असून ते हंगेरीच्या एका शास्त्रज्ञाच्या आडनावावरून पडले आहे. मोठ्या पिवळसर हिरव्या बेडकाच्या पिल्लाला ही रेघ नसते. म्हणजे आजींचे म्हणणे खरे ठरले: हा पिल्लू नव्हे, हा एवढाच राहणारा. पोटावरच्या त्या रेघेने आणि इतर चार खुणांनी आडनाव लागले. वंश मिनर्वार्या.

"आणि नाव?"

"ते चित्रावरून सांगता येत नाही."

'फाईल वर पाठवली आहे' असे सरकारी कचेरीत सांगतात, तेव्हा जे वाटते ते आम्हांला वाटले. पण प्राध्यापकांनी पुढचा पाऊण तास जे समजावून सांगितले, आणि नंतर आम्ही वाचनालयात बसून जे ताडून पाहिले, त्यावरून कळले की इथे फाईल अडलेली नव्हती. फाईलच पावणेदोनशे वर्षे चुकीच्या नावाने चालली होती.

ती हकीकत अशी. १८२९ साली ग्राफेनहॉर्स्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने जावा बेटावरच्या एका लहान बेडकाचे वर्णन छापले आणि त्याला राना लिम्नोकॅरिस हे नाव दिले. त्यानंतर आशियात जिथे जिथे भातशेती, पाणथळ आणि असा मातकट, बारीक, वळकट्यांचा बेडूक दिसला, तिथे तिथे विद्वानांनी हेच नाव लावले. पश्चिमेकडे सिंधूच्या खोऱ्यापासून पूर्वेकडे जपानपर्यंत एकच बेडूक! जावाच्या खाचरात जो, तोच मुळशीच्या खाचरात. संग्रहालयांतल्या बाटल्या भरत गेल्या, चिठ्ठ्या मात्र एकाच नावाच्या.

प्रथम शंका घेतली त्यांतले एक नेल्सन ॲनंडेल. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधले हे गृहस्थ १९१६ साली स्थापन झालेल्या भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक. मुंबई इलाख्यातल्या लहान ओढ्यांत कोणते जीव राहतात ह्यावर त्यांनी १९१९ साली एक प्रबंध छापला. मोठ्या नद्या सोडून ओढ्यांकडे पाहणारा साहेब म्हणून आम्हांला त्यांच्याविषयी आपुलकी वाटते. त्या प्रबंधात त्यांनी आपल्या सह्याद्रीतल्या खाचरी बेडकाला लिम्नोकॅरिसची एक पोटजात मानले आणि तिला सह्याद्रीचे नाव दिले. स्पेलिंग मात्र असे केले की उच्चार 'सायहाद्रेन्सिस' व्हावा. ह्या शास्त्रातला नियम कडक आहे: एकदा रीतसर छापलेले नाव आपल्याला आवडत नाही म्हणून बदलता येत नाही. पुढे २००१ साली दुसऱ्या एका बेडकाला, ह्या वेळी चांगल्या स्पेलिंगात, 'सह्याद्रिस' हे नाव मिळाले. आज दोन्ही बेडूक एकाच वंशात आहेत, दोघांची नावे सह्याद्रीवरून, आणि नवशिक्याची त्रेधा उडते. ॲनंडेल ह्यांनी त्याच प्रबंधात कॅसलरॉकच्या एका झुडपी बेडकाला 'बॉम्बेएन्सिस' म्हटले. कॅसलरॉक आज कर्नाटकात आहे, मुंबई इलाखा इतिहासात गेला, बेडूक अजून मुंबईकर आहे. भाषावार प्रांतरचनेचा त्याच्यावर परिणाम झालेला नाही.

नाव आणि प्राणी ह्यांची गाठ कशी बांधली जाते हेही इथे सांगितले पाहिजे. नवी जात जाहीर करणारा शास्त्रज्ञ एक नमुना निवडतो, तो मद्यार्कात जपून संग्रहालयात ठेवतो आणि म्हणतो: हे नाव ह्या प्राण्याचे. पुढे कधी वाद झाला तर वर्णनापेक्षा त्या नमुन्याची साक्ष मोठी. आमच्या धंद्यात ह्याला मूळ दस्तऐवज म्हणतात. झेरॉक्सवर निकाल लागत नाही.

पण दस्तऐवज असूनही खाचरी बेडकांचा गुंता सुटेना, कारण बाटलीतले सर्व बेडूक सारखेच दिसत. गाठ सोडविली ती बेडकांनी स्वतः, आपल्या आवाजाने. १९७५ साली द्युब्वा नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने नेपाळातल्या लिम्नोकॅरिससारख्या बेडकांवर एक निबंध छापला. दिसायला जवळजवळ एक, पण ओरडण्यात भिन्न अशा जुळ्या जाती त्याने तिथे वेगळ्या काढल्या. ह्यात चमत्कार नाही. रात्रीच्या अंधारात, चिखलात, शेकडो बेडकांच्या गलक्यात मादीला आपल्या जातीचा नर शोधायचा असतो. ती त्याच्या पाठीवरची रेघ पाहायला जात नाही. आवाज ऐकून जाते. म्हणून जी खूण आपण शेवटी पाहिली, ती बेडकांच्या व्यवहारात पहिली आहे. आजींनीही त्याची ओळख सांगताना रंग सांगितला नाही, झोप मोडणारे ओरडणे सांगितले.

इथे एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात बेडकांवर एक सूक्त आहे, एकशेतिसरे. त्याची थट्टा पुष्कळांनी केली आहे, कारण पावसात ओरडणाऱ्या बेडकांना त्यात मंत्र म्हणणाऱ्या ब्राह्मणांची उपमा दिली आहे. आम्ही ते भाषांतरात वाचले. त्यात ऋषी सांगतो की कोणी गाईसारखा हंबरतो, कोणी बोकडासारखा. कोणी ठिपक्याचा, कोणी हिरवा. रूपे निराळी आणि नाव मात्र एक. ज्याने हे रचले तो पहिल्या पावसात खाचराच्या बांधावर कान देऊन बसलेला माणूस होता ह्याविषयी आम्हांला शंका नाही.

आवाजानंतर आली जनुकांची साक्ष. प्रत्येक पेशीत लांबच लांब साखळीसारखा एक पदार्थ असतो आणि त्यात चारच अक्षरांत लिहिलेला मजकूर असतो, असे समजा. दोन बेडकांच्या त्याच ठिकाणचा मजकूर काढून शेजारी शेजारी ठेवायचा आणि किती अक्षरे बदलली ते मोजायचे. जितके बदल अधिक, तितकी त्यांची ताटातूट जुनी. ह्या रीतीने पाहू लागल्यावर भारतातले 'लिम्नोकॅरिस' जावाच्या लिम्नोकॅरिसपासून पार दूर गेलेले आढळले. आज आपल्या देशातल्या ह्या लहान खाचरी बेडकांना फेजर्वार्या वंशातूनही काढून मिनर्वार्या वंशात घातले आहे. ॲनंडेलची पोटजात स्वतंत्र जात झाली. आणि २०१९ साली समाधान फुगे, के. पी. दिनेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'झूटॅक्सा' ह्या नियतकालिकात महाराष्ट्राच्या उत्तर सह्याद्रीतून ह्याच गटातली एक नवी जात जाहीर केली. तिचे नाव त्यांनी आपल्या भाषेवरून ठेवले: मराठी. तेव्हा फेजर्वार्या मराठी, आता मिनर्वार्या मराठी. आडनाव बदलले, पाळण्यातले नाव तसेच राहिले. शास्त्राचा नियमच तसा आहे.

प्राध्यापकांनी हे सांगितले तेव्हा आम्ही खुर्चीवरून उठलोच. मुळशीत, आमच्या फलकात, मराठी नावाचा बेडूक! दुसऱ्या दिवशी आम्ही चार जणांना तसे सांगूनही टाकले. ही आमची चूक. चळवळीतल्या माणसाला बातमी हातात आली की ती पुराव्याच्या आधी वाटायची खोड असते, आणि विरोधी वकिलाने आम्हांला ह्याबद्दल एकदोनदा चांगले झोडपलेलेही आहे. प्राध्यापक फोनवर एवढेच म्हणाले, "तुम्हांला मराठी असावा असे वाटते. बेडकाला विचारलेत का?"

म्हणून आम्ही बेडकाला विचारायला गेलो.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात चिखलणी चालू होती. शिबिरातले दोघे तरुण, आजींचा नातू, प्राध्यापक आणि आम्ही, असे पाच जण रात्री नऊला निघालो. राबातली रोपे हातभर झाली होती, काही खाचरांत लावणी उरकली होती. पाऊस थांबला होता, पण बांधांवरून पाणी खाली पडण्याचा आवाज सगळीकडे. आम्ही गमबूट घातले होते. नातू अनवाणी होता आणि तो एकटाच पडला नाही. प्राध्यापकांनी बॅटऱ्या बंद करायला सांगितल्या आणि दहा मिनिटे कोणी बोलायचे नाही असे बजावले.

अंधारात कान हळूहळू उघडतात. प्रथम नुसता गोंगाट ऐकू आला, गिरणीच्या साच्यांत पहिल्यांदा गेलेल्या माणसाला येतो तसा. मग त्यातून एकेक धागा सुटू लागला. दूर खोल पाण्यातून मोठ्या बेडकाचा घोगरा सूर येत होता. जवळच्या गवतातून कोणी बारीक टक्‌टक् करीत होता, ठरावीक अंतराने, मग थांबून पुन्हा. दुसऱ्या बांधाकडून जो आवाज येत होता तो तसला नव्हता. तो लांबलेला, किरकिरा, कंगव्याच्या दातांवरून नख फिरविल्यासारखा. प्राध्यापकांनी आमच्या दंडाला हात लावून एकदा इकडे, एकदा तिकडे बोट दाखविले. दोन निराळे बेडूक, आणि दोघेही उजेडात धरले असते तर आम्हांला एकच वाटले असते.

मोबाइलवर दोन्ही आवाज टिपून घेतले. प्राध्यापकांनी वहीत वेळ लिहिली, बांधावरची जागा लिहिली आणि पाण्यात तापमापक बुडवून तपमानही लिहिले. आम्ही विचारले, तपमान कशाला? तर बेडूक हा थंड रक्ताचा प्राणी. हवा गार झाली की त्याचे ओरडणे मंदावते आणि ऊब वाढली की जलद होते. वीस अंशांवरचा आवाज आणि पंचवीस अंशांवरचा आवाज तसेच शेजारी ठेवून 'हे दोन निराळे' म्हणणारा फसतो. आम्हांला हे फार पटले. पाळीच्या शेवटच्या तासाला मोजलेले काम पहिल्या तासाच्या कामाशी ताडून कामगाराला आळशी ठरविणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत.

परत येताना आम्ही म्हटले, "म्हणजे आता नाव लागले."

"खाचरात कोण राहतात ह्याचा थोडा पत्ता लागला," प्राध्यापक म्हणाले. "तुमच्या फलकात कोण होता त्याचा नाही."

त्यांनी मोबाइलवर गळ्याचे चित्र काढून दाखविले. ह्या बेडकांत ओरडतो तो नर, आणि नराचा गळा विणीच्या दिवसांत काळसर दिसतो. आमच्या पाहुण्याचा गळा स्वच्छ पांढरा होता. म्हणजे ती मादी, किंवा वयात न आलेला नर. जिने आयुष्यात तोंड उघडले नाही तिचे नाव आवाजावरून कसे लावणार? मापे घ्यावीत तर ती मिलिमीटरच्या दशांशापर्यंत घ्यावी लागतात, डोळ्यापासून नाकपुडीपर्यंत, मांडीची, पिंढरीची, कानाच्या पडद्याची. चित्रावरून ती निघत नाहीत. जनुके पाहावीत तर ती खाचरात निघून गेलेली. एकाच शेतात निदान दोन जाती राहतात हे आता कळल्यामुळे 'इथे सापडला म्हणजे हाच' असेही म्हणता येईना. आमची माहिती वाढली आणि खात्री कमी झाली.

ह्याचे एवढे काय, असे कोणी विचारील. बेडूक तो बेडूक. हा प्रश्न आम्हांला नवा नाही, म्हणून आता वचन दिल्याप्रमाणे कंत्राटी कामगारांकडे वळतो.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात प्रेसमध्ये सापडून एका मुलाची दोन बोटे गेली. आम्ही भरपाई मागायला गेलो तेव्हा आम्हांला हजेरीपट दाखविण्यात आला. त्यावर कायम कामगारांची नावे होती आणि शेवटी एक ओळ होती: 'हेल्पर, इतर', पुढे नुसता आकडा. मुलाचे नाव कुठेच नव्हते. ठेकेदार म्हणाला तो माझा नाही, कारखाना म्हणाला आमचा नाही. आकडा दुसऱ्या दिवशीही तोच भरला होता, कारण त्याच्या जागी दुसरा मुलगा आला होता. त्या हिशेबाने कारखान्यात कोणाला काही झालेच नव्हते. तो मुलगा तिथे कामाला होता हे सिद्ध करायला आम्हांला दोन वर्षे लागली. फाटकावरचा पास होता, पण त्यावर तारीख पुसट. कँटीनची कुपने होती, पण ती कोणाचीही असू शकत. एका मुकादमाच्या खिशातल्या वहीत त्याच्या नावाचे पहिले अक्षर होते. एकेकट्या पुराव्यावर न्यायालयाने मान हलविली नसती. तिन्ही एका दिवसावर येऊन मिळाले तेव्हा निकाल लागला. रूप, आवाज आणि जनुके ह्यांची साक्ष एकमेकांशी जुळल्याशिवाय नवी जात मानू नये असा आग्रह शास्त्रज्ञ का धरतात, ते आम्हांला समजून घ्यायला म्हणूनच फार कष्ट पडले नाहीत.

जावापासून मुळशीपर्यंत एकच बेडूक असे जोवर पुस्तकात होते, तोवर तोही 'इतर' मध्येच होता. मुळशीतली शंभर खाचरे बुजली तरी आकडा भरलेलाच. कारण तो बेडूक जपानातही आहे! पण इथल्या खाचरात राहणारा जर उत्तर सह्याद्रीतच सापडणारा असेल, तर त्याला दुसरीकडे शिल्लक नाही. पौडपासून ताम्हिणीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांनी पाहत जावे. जिथे आंबेमोहर व्हायचा तिथे तारेची कुंपणे, फलक आणि सपाट केलेले तुकडे दिसतात. खाचराचे पाणी वीतभरच असते. दगडमातीचे चार ट्रक पडले की ते संपते, आणि त्या वीतभर पाण्यातच ह्याची अंडी असतात. मुळशीला बुडण्याचा अनुभव आधीचाही आहे. टाटांच्या धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ ह्या काळात इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. जमिनी गेल्या. त्या झगड्यात बेडकांचा विचार कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते, आणि आम्ही तेव्हा असतो तर आमच्याही आला नसता.

आता मात्र मोजणारे आहेत. नीलेश डहाणूकर आणि अनिल पाध्ये ह्यांनी ताम्हिणीतल्या उभयचर प्राण्यांचा अभ्यास करून तो २००५ साली 'करंट सायन्स' मध्ये छापला. बेडूक कोणत्या अधिवासात किती आढळतात ह्याची अशी पाहणी करायला पावसात रात्र रात्र हिंडावे लागते. कोयनेजवळच्या हुंबर्ली गावच्या एका भेकाला सोमण ह्यांनी १९६३ साली कोयनेचे नाव दिले, तेही असेच गाठ घालून बसल्यामुळे. ह्या कामाला मोठी यंत्रे नंतर लागतात. आधी चिखलात उभे राहणारा माणूस लागतो, आणि तसा माणूस मुळशीत दर घरटी एक आहे. आमच्या शिबिरातल्या त्या दोघा तरुणांनी आता एक वही घातली आहे. पाळीवरून परतताना कुठल्या खाचरात कोणता आवाज आला, तो वार, वेळ आणि ठिकाण घालून ते लिहितात, मोबाइलवर टिपतात आणि महिन्याअखेर प्राध्यापकांकडे पाठवितात. कारखान्याच्या हजेरीपटापेक्षा ही वही नीट ठेवलेली असते, असे आम्ही त्यांना म्हटले तेव्हा ते हसले नाहीत.

फलकातल्या पाहुण्याची नोंद त्या वहीच्या पहिल्या पानावर आहे: मिनर्वार्या, जात अनिश्चित, मादी किंवा अल्पवयीन, लांबी अदमासे पंचवीस मिलिमीटर, सोडून दिला. 'मराठी' असे लिहिण्याचा मोह आम्हांला झाला होता आणि पेन्सिलीने लिहिलेही होते. ते प्राध्यापकांनी खोडले नाही, आम्हीच खोडले.

दिवाळीनंतर भात झोडायच्या दिवसांत त्या गावी जाणे झाले. आजी खळ्यावर होत्या. त्यांनी विचारले, "मग दादा, काय निगालं त्याचं नाव?"

आम्ही सांगितले, अजून लागले नाही. आडनाव लागले आहे.

"तोंडच उघडलं नसंल त्यानं," आजी म्हणाल्या. "म्होरल्या पावसात या. लावनीला चार मानसं कमीच पडत्यात."